मुलांच्या शर्यतीच्या क्वाडचा प्लग
(लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात कार्ब्युरेटरच्या जेटचा विचार करताना ठिणगीचा जो प्रश्न आपण राखून ठेवला होता, तो आज हाती घेतला पाहिजे. कारण अमेरिकेतील मातीच्या शर्यतींत लहान मुले ज्या चिमुकल्या चारचाकी क्वाडवर धावतात, त्यांची इंजिने बहुधा ५०, ७० किंवा ९० सी.सी.ची असतात, आणि एवढ्याशा सिलिंडरमध्ये प्लगच्या निवडीतील यत्किंचित हयगयही तत्काळ भोवते. हे आकडे निव्वळ सोयीने ठरलेले नाहीत. १९८८ साली अमेरिकी सरकार आणि वाहने बनविणाऱ्या कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत जी तडजोड झाली, तिच्यान्वये १२ वर्षांखालील मुलांसाठी ७० सी.सी. वा त्याहून मोठे, आणि १६ वर्षांखालील मुलांसाठी ९० सी.सी.हून मोठे वाहन विक्रेत्याने सुचवू नये, असा निर्बंध आला. पुढे हा निकष इंजिनाच्या आकाराऐवजी वेगावर ठरू लागला, तरी शर्यतींच्या वर्गांतून ते जुने आकडे अद्याप गेलेले नाहीत.

प्लगमुळे इंजिनाची शक्ती वाढते, ही समजूत प्रथम दूर सारावी. ठिणगी पाडणे हे प्लगचे कर्तव्य खरेच. परंतु निवडीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे कार्य म्हणजे ज्वलनाची उष्णता आपल्या अंगावाटे सिलिंडर हेडकडे पोहोचविणे. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसहून थंड राहिले, तर त्यावरील काजळी जळून जात नाही, आणि त्या काजळीच्या थरातून विद्युत्प्रवाह ठिणगी न पाडताच निसटतो. उलट ते ८५० अंशांच्या पलीकडे गेले, तर ठिणगीची वाट न पाहता ते तप्त टोकच मिश्रण पेटवू लागते, आणि अशा अकाली ज्वलनाने पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होते आणि इंधनाबरोबर तेलही जळते, म्हणजे तापण्याचे आणि काजळण्याचे असे दोन्ही धोके तेथे एकत्र नांदतात.

आतील चिनी मातीचे नाक लांब असले की उष्णतेला बाहेर पडण्यास लांबचा मार्ग पडतो व टोक तापलेले राहते. तो गरम प्लग. नाक आखूड असले की उष्णता लवकर निघून जाते. तो थंड प्लग. नागोया येथे १९३६ साली स्थापन झालेल्या एनजीके कंपनीच्या संकेतात आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे ७ पेक्षा ८ थंड आणि ८ पेक्षा ९ अधिक थंड. बॉशचा शिरस्ता नेमका उलटा आहे. मायको-बॉशच्या प्लगवर हात बसलेल्या आपल्याकडील मेकॅनिकने एनजीकेचा आकडा वाचताना म्हणूनच विशेष सावध राहावे, कारण येथे सवयच घात करते.

आता मुख्य मुद्दा. प्लग वाहनाला शोभेल असा घ्यावा, हे सर्वच सांगतात. माझ्या मते तो चालविणाऱ्या मुलाला शोभला पाहिजे. एकच क्वाड, एकच इंजिन; पण सात वर्षांचे नवखे मूल वळणावर थ्रॉटल सोडते, सुरुवातीच्या रेषेवर बराच वेळ इंजिन मंद चालू ठेवून थांबते, आणि सबंध फेरीत पूर्ण थ्रॉटल क्वचितच देते; त्याच्या इंजिनात शर्यतपटूंसाठी योजलेला थंड प्लग बसविला तर तो दुसऱ्या फेरीतच काळा पडण्याची शक्यता असते, आणि हिरमुसलेल्या मुलाला त्याचे कारण उमगत नाही. तेच मूल दोन वर्षांनी निर्भयपणे अंगठ्याने थ्रॉटल दाबून धरू लागले, किंवा वडिलांनी एक्झॉस्ट बदलला वा कॉम्प्रेशन वाढविले, की तोच पूर्वीचा सोयीचा प्लग धोकादायक ठरतो. तेव्हा उत्पादकाच्या पुस्तिकेतील क्रमांक मूळ दाखला मानावा, आणि मुलाची प्रगती पाहून एका वेळी एकच पायरी सरकावे. प्लग काळा पडला म्हणून लागलीच गरम प्लग घालणे मात्र चूक आहे. जेट मोठा आहे काय, तेल जास्त पडते काय, एअर फिल्टर धुळीने तुंबला आहे काय, याची चौकशी आधी व्हावी.

ही चौकशी प्लगच सुलभ करतो. सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन तिथल्या तिथे इंजिन बंद करावे, क्वाड थांबवावी आणि गार झाल्यावर प्लग काढून पाहावा. मंद चालवीत आणलेल्या प्लगची साक्ष ग्राह्य नाही. नाकावर फिकट तपकिरी छटा दिसली तर ठीक. ओलसर काळा थर इंधनाचा वा तेलाचा अतिरेक सांगतो. पांढरेफटक नाक आणि त्यावर धातूचे बारीक कण दिसले, तर ते कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे असू शकतात, आणि त्या दिवशी शर्यत धावू नये.

आट्यांची लांबी मात्र तडजोडीचा विषय नव्हे. एनजीकेचे बीआर८एचएस आणि बीआर८ईएस हे दोन प्लग जाडीने सारखे, १४ मि.मी.चे, उष्णतेनेही समान. पण पहिल्याचे आटे १२.७ मि.मी. लांब आणि दुसऱ्याचे १९. आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब प्लग घातला, तर तो पिस्टनवर आदळू शकतो. नावातील ‘आर’ हे अक्षर आतील रोधकाचे निदर्शक असून त्याने इग्निशनच्या विद्युत्यंत्रणेला होणारा उपद्रव टळतो. पुस्तिकेत ते असेल तर गाळू नये. इरिडियमचे सूक्ष्म टोक कमी विद्युत्दाबाने ठिणगी देते हे खरे, तथापि मुलांच्या शर्यतीत प्लग वरचेवर बदलावा लागत असल्याने साधा निकेलचाच घ्यावा असे माझे मत आहे. फट सहसा ०.६ ते ०.७ मि.मी. असते, फिलर गेजने ती तपासावी.

नवा प्लग प्रथम बोटांनीच पूर्ण बसवावा आणि मग पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळावा, कारण अॅल्युमिनियमच्या हेडमधील आटे एकदा कापले गेले की दुरुस्तीचा खर्च कित्येक प्लगांहून अधिक येतो. दोन क्रमांकांत निर्णय होत नसेल, तर पालकांनी थंड प्लगच्या बाजूने कौल द्यावा: काळा पडलेला प्लग इंजिन बंद पाडतो एवढेच, पण अतितप्त प्लगमुळे इंजिन भरवेगात जाम होऊ शकते, आणि तेव्हा वाहनावर आपले मूल बसलेले असते.