सेकंदाच्या हजाराव्या भागातली फुगडी

सुरतमधलं उधना ते जळगाव हा लोहमार्ग जेमतेम ३०७ किलोमीटरचा. एक्सप्रेस गाडीला पाच-सहा तास लागतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जनरल डब्यात उभ्यानं जाणाऱ्याला ते दुप्पट वाटतात. प्रकाश उधन्याहून निघाला, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात ३०० किलोमीटर कापून जळगावच्या अलीकडे सात किलोमीटरवर पोचलेला असतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर १/१००० हा आकडा आपण सहज बघतो, पण तो एवढा काळ आहे. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचं शटर तेवढ्यात उघडतं आणि मिटतं.

एवढी घाई कशासाठी? उत्तर उधना, लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांत श्रावणात मिळतं. खानदेशातून आलेली कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, रात्र जागरणात जाते आणि सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत बायका फुगडी धरतात. कोण कुणाचा हात धरून रिंगणात ओढील हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. सासू-सुनेची जोडी बघताबघता गरगरायला लागते, आणि तुमच्याकडे दहा-पंधरा सेकंद असतात.

फुगडीचा एक फेरा एका सेकंदाचा धरू. दोघी मागं झुकलेल्या असतात, म्हणून डोकं मध्यापासून सुमारे नव्वद सेंटिमीटरवर. म्हणजे एका फेऱ्यात चेहरा साडेपाच मीटरहून जास्त फिरतो, ताशी वीस किलोमीटरच्या वेगानं. शटर १/६० वर असेल तर ते उघडं असताना चेहरा साडेनऊ सेंटिमीटर सरकतो. कपाळावरचं कुंकू थेट कानापर्यंत ओढलं जातं. १/२५० वर हे अंतर सव्वादोन सेंटिमीटर होतं, १/१००० वर साडेपाच मिलिमीटर. कुंकू कुंकवासारखं दिसायला लागतं ते इथं.

पण शटरचा वेग ही अर्धीच गोष्ट. २००० च्या आसपासचे कॉम्पॅक्ट कॅमेरे बटण दाबल्यावर आधी फोकस शोधत आणि मग फोटो घेत. त्यात अर्धा सेकंद सहज जाई, कधी पुरा एक. फुगडीत अर्धा सेकंद म्हणजे अर्धा फेरा. हसरा चेहरा समोर आला म्हणून बटण दाबावं, तर फोटोत अंबाडा आणि गजरा. त्यातच माणसाचं बोट: डोळ्यानं पाहिल्यावर ते हलायला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात सून एक पंचमांश फेरा पुढं गेलेली असते. कॅमेरा एक क्षणही न दवडणारा असला तरी हा उशीर आपल्याच शरीरात आहे.

म्हणून दुकानात मेगापिक्सेलचा आकडा सगळ्यात आधी सांगितला जातो याचं मला वाईट वाटतं. अवचित फोटोसाठी त्याचा उपयोग सगळ्यात कमी.

कॅमेऱ्याचा वेग कुठून कुठं आला ते पाहिलं की डोकं गरगरतं. १८३८ साली दागेरनं पॅरिसच्या रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला, त्याला काही मिनिटं लागली. चालती माणसं, घोडागाड्या सगळं पुसलं गेलं. ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र १०,००० ठिपक्यांचं, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. सेकंदाला ४३५ ठिपके झाले. २०१९ चा सोनी आरएक्स१०० मार्क ७ हा ३०२ ग्रॅमचा कॅमेरा दोन कोटी ठिपक्यांचे वीस फोटो एका सेकंदात घेतो, म्हणजे सेकंदाला चाळीस कोटी ठिपके: नऊ लाख पटींहून अधिक. त्यातला एकच फोटो सॅसनच्या यंत्राच्या चालीनं उतरवायचा तर जवळजवळ तेरा तास लागले असते.

उधन्याहून मुंबईच्या दिशेनं पंचवीस-तीस किलोमीटरवर नवसारी. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला १९१३ मध्ये तिथं जन्मल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्या वापरत त्या रोलायफ्लेक्समध्ये एका रोलवर बारा फोटो निघत. या सोनीत तो रोल ०.६ सेकंदात संपेल. होमाईंबद्दलचा माझा आदर या हिशेबानं आणखी वाढतो, कारण बारातला प्रत्येक क्षण त्यांनी स्वतः निवडला होता. आणि निवड अजूनही टळत नाही: मिरवणुकीत एकूण पाचच मिनिटं बटण दाबून धरलं तरी सहा हजार फोटो जमतात, प्रत्येकाला तीन सेकंद दिले तर बघायलाच पाच तास.

बोटाच्या त्या ०.२ सेकंदांवर उपाय निघाला आहे. कॅननच्या जी७ एक्स मार्क ३ मध्ये एक सोय आहे: सेकंदाला तीस फोटो, आणि बटण दाबण्याच्या अर्धा सेकंद आधीपासूनचे. कॅमेरा आधीपासून फोटो घेत आणि पुसत असतो. तुम्ही बटण दाबलं की मागचे पंधरा तो ठेवून घेतो. चेहरा निसटल्यावर बोट हललं, तरी चेहरा त्यात असतो.

तरीही गल्लीतल्या फोटोंसाठी मला स्वतःला रिको जीआर ३ जास्त पटतो. तो २५७ ग्रॅमचा, ०.८ सेकंदात सुरू होणारा. झूम नाही, सेकंदाला वीस फोटोही नाहीत. त्याची खुबी फोकस न शोधण्यात आहे. त्याच्या लेन्सचं नाभीय अंतर फक्त १८.३ मिलिमीटर, त्यामुळे एफ/८ वर फोकस अडीच मीटरला बांधून ठेवला की सव्वा मीटरच्या पलीकडचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं, पार गल्लीच्या टोकापर्यंत. शोधायला काही उरतच नाही. श्रावणातल्या ढगाळ दुपारी एफ/८ आणि १/१००० साठी आयएसओ १६०० च्या आसपास न्यावा लागतो, आणि तो याला झेपतो: याचा सेन्सर ३६६ चौरस मिलिमीटरचा आहे, सोनी-कॅननच्या त्या दोघांचा ११६. तिप्पट जागा म्हणजे त्याच एफ आकड्याला तिप्पट प्रकाश.

घराच्या आत किंवा लूम्सच्या खात्यात हिशेब उलटतो. वॉटरजेट मशीन मिनिटाला सहाशेहून जास्त वेळा आडवा धागा फेकतं, म्हणजे एका धाग्याच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भागही येत नाही. तो गोठवायचा मोह होतो. पण भर उन्हातला प्रकाश एक लाख लक्स, ट्यूबलाइटखाली तो शे-दोनशे. शिवाय आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. १/१००० वर त्या लाटेचा दहावा तुकडाच हाती येतो; एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला. तिथं १/१०० ठेवावा. धागा धूसर येईल, कारागिराचा चेहरा नीट येईल.

हे कॅमेरे दुकानात सहज सापडतील असं नाही. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभरात १० कोटी ८५ लाखांहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे धाडले. २०२३ मध्ये ते १७ लाखांवर आले, त्रेसष्टावा हिस्सा. तेव्हा जुना कॅमेरा हाताळून घ्यायची वेळ येणारच. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, कॅमेरा त्यावर धरा आणि १०.०० दिसताच बटण दाबा. दहा-बारा वेळा करा, मग तेच अर्धं बटण आधी दाबून फोकस बांधून करा. फोटोंतल्या आकड्यांवरून कॅमेऱ्याचा आणि तुमच्या बोटाचा मिळून उशीर कळतो. बांधलेल्या फोकसनं १०.३० च्या आत येत असेल तर कॅमेरा घ्यावा. १०.६० च्या पुढं जात असेल तर तो कितीही मेगापिक्सेलचा असो, परत करावा.