जंतू न मारणारा बिल्वकाढा

प्रतिजैविक जंतूला मारते किंवा त्याची वाढ रोखते. त्या माऱ्यातून वाचलेल्या थोड्या जंतूंचीच प्रजा पुढे माजते आणि औषध निकामी ठरते. म्हणून संशोधकांचा एक वर्ग निराळा विचार करीत आहे: जंतू जगला तरी चालेल, त्याची शस्त्रे काढून घ्यावीत. अतिसारात ही शस्त्रे म्हणजे आतड्याला चिकटण्याची शक्ती आणि विष. पटकीचे विष कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. २००५ मध्ये अमेरिकेत त्याची निर्मितीच थांबविणारा 'विर्स्टॅटिन' हा रेणू पुढे आला.

या संदर्भात आपल्या जिल्ह्याशी निगडित एक काम वैद्यबंधूंनी अवश्य पाहावे. आम्हा दौंडकरांच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील परिंचे खोऱ्यात लोक अतिसारावर कोणत्या वनस्पती वापरतात, याची मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह केलेली पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरील निष्कर्षही आले. जीवाणूंच्या सहा वाणांपैकी एकही त्या काढ्याने मेला नाही. नेहमीच्या कसोटीवर बेल तेथेच नापास झाला असता! परंतु पेशींना चिकटण्याचे व त्यांत शिरण्याचे जीवाणूंचे प्रमाण लक्षणीय घटले, पटकीच्या विषाची निर्मिती मंदावली आणि ते विष ज्या ग्राहकाला बिलगते तेथेही अडथळा आला. ई. कोलायच्या उष्णता सोसणाऱ्या विषावर मात्र काही परिणाम झाला नाही. नागरमोथ्याच्या काढ्याचे २०११ मधील निष्कर्षही याच वळणाचे आहेत. आपले औषध 'जंतुघ्न' असल्याचा आग्रह धरणाऱ्यांनी यावर विचार करावा.

हे सारे प्रयोगशाळेतील काम आहे. एवढ्यावरून बेल हा प्रतिजैविकाला पर्याय आहे असे छापणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराला खाडा परवडत नाही. जुलाब लागताच तो दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेतो, थांबले की उरलेल्या सोडून देतो. पाण्यासारख्या साध्या जुलाबात त्यांची बहुधा गरजच नसते. तेथे प्रथम जलसंजीवनी आणि लंघन-पाचन द्यावे. आमावस्थेत स्तंभन निषिद्ध असल्याने मुस्ता आधी, बिल्व नंतर. पिकलेले फळ येथे चालत नाही. कोवळ्या फळाचा वाळविलेला गरच घ्यावा. शौचातून रक्त, तीव्र ज्वर, लघवी बंद होणे किंवा बालकाचे डोळे खोल जाणे यांपैकी काहीही दिसल्यास काढ्यात वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. तेथे प्रतिजैविक लागले तर ते पूर्ण मात्रेत घेण्यास सांगावे.