मुलगा पोचेपर्यंत सलाईन
शेवटच्या दिवसांची शुश्रूषा : लेखांक ५

माण-खटाव असो, आटपाडी-जत असो की कृष्णाकाठची उसाची गावं असोत, घरातलं वडीलधारं माणूस शेवटच्या दुखण्याला लागलं आणि त्याचं खाणंपिणं तुटलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. “आण्णा पाणीसुद्धा घेईनात ओ डॉक्टर, सलाईन तरी लावा.” गावातले डॉक्टर येतात. खिडकीच्या गजाला नाहीतर भिंतीतल्या खुंटीला बाटली टांगली जाते आणि घर जरा निवांत होतं. काहीतरी चाललंय, आपण हात टेकलेले नाहीत, एवढा धीर त्या थेंबांमुळे मिळतो.

आपल्या भागात या धीरामागे आणखी एक गोष्ट असते, आणि ती फारसं कुणी उघड बोलत नाही. खानापूर, विटा, आटपाडीकडची कितीतरी घरं सोन्याचांदीच्या गलाईवर उभी आहेत. आईबाप गावात आणि मुलगा तमिळनाडूत नाहीतर उत्तरेतल्या कुठल्यातरी शहरात. माण-खटावची माणसं आधी मुंबईच्या गिरण्यांत गेली, मग माथाडीत. म्हातारपण गावाकडे आणि कर्ते हात शेकडो मैलांवर, अशी इथल्या घरांची मांडणीच आहे. त्यामुळे सलाईन मागताना पुष्कळदा मनात असतं ते एवढंच: थोरला पोचेपर्यंत आण्णांना धरून ठेवा. ही मागणी प्रेमाची आहे, तिला हसण्याचं काहीच कारण नाही. पण सलाईन खरंच माणसाला धरून ठेवते का, हा प्रश्न संशोधकांनी नीट विचारला आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. त्यात अन्न म्हणून काहीही नाही. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणतात ती पाच टक्क्यांची असेल तर अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. एका ज्वारीच्या भाकरीएवढीही शक्ती तीत नसते. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या धडधाकट माणसाला हीच बाटली जीवदान देते, कारण त्याच्या शरीराला फक्त पाणी आणि मीठ कमी पडलेलं असतं. कर्करोगाच्या किंवा हृदय-मूत्रपिंडाच्या आजाराच्या शेवटच्या आठवड्यांत मात्र गोष्ट वेगळी असते. रक्तातलं प्रथिन उतरलेलं असतं, मूत्रपिंडं मंदावलेली असतात, शिरेतून आत गेलेलं पाणी शिरेत थांबत नाही. ते झिरपून पायांत उतरतं, पोटात साठतं, छातीत जातं. जेवण सुटलं म्हणून माणूस चाललाय असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. शरीर आवरतं घ्यायला लागलेलं असतं आणि म्हणून भूक-तहान विझत जाते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. एदुआर्दो ब्रुएरा यांच्या गटाने २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटच्या टप्प्यातले, शरीरातलं पाणी कमी झालेले कर्करोगाचे १२९ रुग्ण. निम्म्यांना रोज एक लिटर सलाईन, निम्म्यांना फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला. कुणाला किती मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. थकवा, गुंगी, भास होणं, अंगाला झटके येणं हे सगळं चौथ्या आणि सातव्या दिवशी मोजलं. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. जगण्याच्या दिवसांतही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक निघाला नाही. त्याआधी २००५ साली जपानमध्ये डॉ. तात्सुया मोरिता यांच्या गटाने पोटाच्या कर्करोगांचे २२६ रुग्ण शेवटचे तीन आठवडे पाहिले होते. ज्यांना रोज लिटरभर किंवा जास्त सलाईन दिली गेली, त्यांच्यात पाणी कमी असल्याच्या खुणा कमी होत्या हे खरं, पण अंगावरची सूज आणि पोटात-छातीत साठलेलं पाणी जास्त होतं. हे अभ्यास मोठे नाहीत, शेवटचा शब्द त्यांनी सांगितलेला नाही. तरी दिशा स्पष्ट आहे: शेवटच्या दिवसांतली सलाईन दिवस वाढवून देते या समजाला आधार सापडत नाही.

ब्रुएरांच्या गटाने आणखी एक काम केलं आणि मला ते मूळ अभ्यासाइतकंच मोलाचं वाटतं. त्यांनी रुग्णांना आणि घरच्यांना विचारलं, तुमच्या दृष्टीने ही सलाईन म्हणजे काय? उत्तरांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. आशा आणि आराम. टेक्सासमधल्या घरांत आणि विट्यातल्या घरात माणसं त्या बाटलीकडे एकाच नजरेनं बघतात. म्हणून ‘सलाईनचा काही उपयोग नाही’ असं तोडून सांगून बाहेर पडणारा डॉक्टर अर्धंच काम करतो. बाटली काढून घ्यायची तर तिच्या जागी काहीतरी द्यावं लागतं.

अपवाद सांगितलेच पाहिजेत, नाहीतर या लेखाने नुकसान होईल. मावा, तंबाखू, मिसरी यांनी तोंडाचा कर्करोग झालेला माणूस पुष्कळदा भुकेला असतो, फक्त गिळता येत नसतं. त्याला नाकातून नळी घालून पेज, दूध, ताक देणं अगदी योग्य आहे. उलट्या-जुलाब झाले, जंतुसंसर्गाने ताप भरला, रक्तातलं कॅल्शियम वाढून भ्रम झाला, तर सलाईन हा खरा उपचार आहे. आणि द्यायचीच असेल तर शीर शोधत हात काळेनिळे करण्याची गरज नाही. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बारीक सुई ठेवून सावकाश द्रव सोडता येतो, घरीही. ब्रुएरांच्या अभ्यासात ही पद्धतसुद्धा वापरली होती. आपल्याकडे ती फार कमी दिसते.

आता थोरल्याच्या येण्याकडे वळू, कारण खरी गाठ तिथे आहे. सलाईन वेळ विकत घेत नसेल, तर वेळ मिळवायचा एकच मार्ग उरतो. फोन लवकर करायचा. फोन लवकर जावा म्हणून कुणीतरी वेळेवर खरं सांगायला हवं. आणि खरं सांगण्यात डॉक्टर कसे चुकतात, हेही मोजलं गेलं आहे. २००० साली शिकागोच्या निकोलस क्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमंट यांनी ३४३ डॉक्टरांना त्यांच्या ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल विचारलं, हा माणूस अजून किती जगेल? पाचांतल्या एकाचाच अंदाज जवळपास बरोबर निघाला. सरासरी काढली तर डॉक्टरांनी प्रत्यक्षाच्या सव्वापाच पट आयुष्य सांगितलं होतं. रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितकी चूक जास्त. आपल्या गावाकडच्या फॅमिली डॉक्टरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं असं मला मनापासून वाटतं. तीस वर्षं ज्या आण्णांना तपासलं, त्यांच्याबद्दल ‘आता आठवडाभरच’ असं म्हणायला जीभ धजत नाही. मग “बघू, दोन-तीन महिने काढतील” असं निघून जातं, थोरला दिवाळीचं तिकीट काढतो आणि आण्णा नवरात्रातच जातात.

खरं सांगितल्याने माणूस खचतो आणि लवकर जातो, ही भीती घरोघरी असते. बोस्टनच्या जेनिफर टेमेल यांनी २०१० साली फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्याच जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे वेदना-त्रासावर लक्ष, घरच्यांशी बोलणं, पुढे काय होणार याची उघड चर्चा. दुसऱ्या गटात उदासी निम्म्याहून कमी आढळली. शेवटी शेवटी जड उपचारांचा मारा कमी झाला. आणि ही माणसं लवकर गेली नाहीत. पहिला गट साधारण ८.९ महिने जगला, हा ११.६.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढलं, तेव्हापासून या पट्ट्याला मोठ्या दवाखान्याची सवय आहे. मिरज, कऱ्हाड, सातारा. कर्नाटकातूनही माणसं इकडे येतात. त्या परंपरेचा अभिमान मलाही आहे. पण तिची एक बाजू अशी की शेवटच्या दोन दिवसांतही ‘गाडी करा, मिरजेला न्या’ याखेरीज दुसरं काही सुचत नाही. जाणारा माणूस मग घराऐवजी वाटेत जातो, नाहीतर काचेपलीकडे.

घरी काय करता येतं? पुष्कळ. तोंड कोरडं पडणं हा या दिवसांतला खरा त्रास आहे आणि सलाईनने तो जात नाही. बोटाला स्वच्छ मऊ कापड गुंडाळायचं, पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा, कापड भिजवून पिळायचं आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलकेच फिरवायचं. ओठांना साजूक तूप किंवा व्हॅसलिन लावायचं. माणूस जागा असेल आणि गिळत असेल तर डोकं उंच करून चमच्याने घोट-घोट, नाहीतर फक्त ओठ ओले. दर दोन तासांनी. हे काम सुनेला येतं, नातवालाही येतं, आणि गाडीतून नुकत्याच उतरलेल्या थोरल्यालाही लगेच शिकवता येतं. बाटलीच्या जागी घरच्यांच्या हाताला द्यायची गोष्ट ती हीच. जाणाऱ्याच्या मुखात पाणी घालणं ज्या लोकांना कर्तव्य वाटतं, त्यांना हे वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

धाप लागली की ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्याने आणला जातो. रक्तातला ऑक्सिजन खरोखर उतरला असेल तर तो हवाच. पण तो उतरलेला नसताना धाप लागलेल्या २३९ रुग्णांना एमी ॲबरनेथी यांच्या गटाने नळीतून ऑक्सिजन किंवा साधी हवा दिली, तर दोन्हींनी सारखाच आराम पडला. २०१० सालचीच ही गोष्ट. त्याच वर्षी केंब्रिजच्या संशोधकांनी हातातला छोटा पंखा पाच मिनिटं चेहऱ्यावर धरला आणि पाच मिनिटं पायावर. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप कमी झाली, पायावरच्याने नाही. उशाशी टेबलफॅन, खिडकी उघडी, खोलीतली गर्दी कमी: एवढ्याला फार पैसे लागत नाहीत.

तोंडाच्या किंवा स्तनाच्या फुटलेल्या गाठीला वास येतो आणि त्या वासापायी माणसाची खाट पडवीत जाते, कधी गोठ्याशेजारच्या खोलीत. मला या सगळ्या विषयात हे सर्वांत जास्त लागतं. मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेवर भुरभुरली तर काही दिवसांत वास उतरतो. गोळी अगदी स्वस्त आहे. खाट पुन्हा माजघरात येऊ शकते.

वेदनेबद्दल मागच्या वेळी सविस्तर लिहिलं, म्हणून इथे थोडक्यात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात देशातला मॉर्फिनचा वापर इतका आटला की १९९७ साली सबंध भारतात तो १८ किलोवर आला होता. अफूची अधिकृत शेती करणाऱ्या देशात! २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन वाट सुकर झाली. मॉर्फिनची गोळी धापेवरही लागू पडते, तेव्हा ती मिळण्याची जागा आधीच शोधून ठेवा. महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण २०१२ मध्येच केलं आहे, आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही ती आहे. तेव्हा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालयात विचारा, गावातल्या आशाताईंना विचारा. नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. केरळात १९९३ साली कोझिकोडला जे काम सुरू झालं ते गावोगावच्या स्वयंसेवकांनी उचललं म्हणून वाढलं. आपल्याकडे तर सहकाराची एवढी मोठी सवय आहे.

आणि फोन कधी करायचा? दिवसातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला, अंथरुणातून उठणं थांबलं, पाण्याचे घोटच उरले, गोळी गिळता येईना, की करायचा. तेव्हा साधारण दिवसांचा हिशेब असतो, आठवड्यांचा नव्हे. लघवी अगदी कमी आणि गडद झाली, हातपाय गार पडून कातडीवर निळसर चट्टे दिसू लागले, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ लागला, तर हिशेब तासांचा होतो. तेव्हा घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवायचं आणि सलाईन चालू असेल तर ती बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायचं, कारण तिने घरघर वाढू शकते. मुलगा दूर असेल तर त्याच्या तिकिटाला लागणारे दिवस यातून वजा करा आणि पहिल्या खुणांनाच बोलवा. तो वाटेत असेल तर फोन आण्णांच्या कानाशी धरा. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते.

(पुढच्या लेखांकात : आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं का? सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ आणि २०२३ चे निर्णय, आणि गावातल्या माणसाने तो कागद कसा करायचा.)