सरांनाही ‘नको’ म्हणता आलं पाहिजे

गोंदियाहून कराटेपटू मुली स्पर्धेसाठी नागपूरला निघाल्या, की निरोप द्यायला आलेले आईबाप म्हणतात, “सर, लक्ष असू द्या.” प्रवास, मुक्काम, जेवण, सगळं सरांच्या हाती. बेल्ट कुणाला द्यायचा, स्पर्धेला कुणाला न्यायचं, तेही सरच ठरवतात. एवढी सत्ता एका माणसाकडे असली, की मुलगी गप्प बसते. तिला गल्लीतल्या गुंडाला लाथ मारायला शिकवलेलं असतं. सरांपुढे मात्र मान खाली घालून ‘हो सर’च म्हणायचं असतं.

कराटेसारख्या खेळांत हात लागतोच. पवित्रा चुकला तर गुडघा वाकवून द्यावा लागतो, कंबर सरळ करावी लागते. म्हणून हात लावण्याआधी सांगायचं, विचारायचं आणि जे करायचं ते सगळ्यांसमोर. जादा सरावाला एकटीला बोलवायचं नाही. निरोप पालकांच्या ग्रुपवरच टाकायचे. बाहेरगावी मुक्काम असेल तर सोबत बाई हवीच. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर ऑगस्ट 2024 मध्ये सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी असे आदेश दिले. पण संध्याकाळी समाजभवनात भरणाऱ्या खासगी क्लासला ‘यातलं काय काय आहे?’ असं पालकांनीच विचारायला हवं, फी भरण्याआधी.

कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सो या मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो रद्द केला. हेतू महत्त्वाचा, असं बजावलं. आणि तो हेतू क्लासच्या संचालकाने ठरवायचा नाही. ‘चुकून लागलं असेल, आपसात मिटवू’ म्हणणं त्याच्याच अंगाशी येतं. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सज्ञान महिला खेळाडूंसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. त्यात क्रीडासंस्थाही येतात, आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

पोलीस ठाण्याची धास्ती अनेकांना अडवते. पण मुलीचा जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून, आणि तोही गणवेशाशिवाय.

‘उद्यापासून क्लासला जायचं नाही’ असं मुलगी म्हणाली, तर भरलेल्या फीचा विषय काढू नका. ती बोलू लागली, की तिचेच शब्द लिहून ठेवा, तेच तेच विचारू नका. खरंखोटं करायला सरांना फोन लावू नका. 1098 या बालमदत क्रमांकाला लावा.