घाटाखालचे, घाटावरचे आणि न्यू जर्सी

फेब्रुवारीतला शनिवार. एडिसनजवळचा हा हॉल दिवसभरासाठी भाड्यानं घेतलाय. बाहेर पार्किंगच्या कडेला फावड्यानं लोटलेल्या बर्फाचे ढीग, आणि आत दारातून शिरतानाच लसणाच्या फोडणीचा वास. गजानन महाराजांचा प्रकटदिन. माघ वद्य सप्तमी आठवड्याच्या मधेच येऊन गेली. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या घरी नैवेद्य दाखवला. सगळ्यांनी मिळून करायचं ते आज, सुट्टीच्या दिवशी.

हॉलच्या स्वयंपाकघरात भाकरीवरून गलका चाललाय.

"अवं माय, या पिठाले विरीच नाही!" मेहकरच्या वहिनींच्या हातातली भाकरी कडेनं तुटते.

"कोमट पाणी काहून घेतलं? उकळतं टाक, अन् मळलं की लगेच थाप," मलकापूरच्या काकू परात आपल्याकडे ओढून घेतात. "पाकिटातलं पीठ हे, कधी दळलं कोणाले ठाऊक."

धूर झाला तर छतावरची घंटा वाजायची, म्हणून भाकरी जाळावर टाकता येत नाही. तव्यावरच फडक्यानं दाबून शेकायची. तरी काकूंची भाकरी टम्म फुगते आणि शेजारच्या दोघीतिघी "जय गजानन!" म्हणतात. अंबाडीची भाजी मात्र ताज्या पानांची आहे. ती तेलुगू दुकानात गोंगुरा म्हणून मिळते, हे इथल्या प्रत्येक वऱ्हाडी बाईला पाठ आहे.

"घाटावरच्याइले भाकर जमत नाही," काकू म्हणतात. घाटाखाली शेगाव, खामगाव, नांदुरा, मलकापूर. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. बुलडाणा जिल्ह्याची ही वाटणी समुद्र ओलांडून इथवर आली आहे, आणि वहिनीही उत्तर द्यायला मागे राहत नाहीत.

मला हे बोलणं कान भरून ऐकावंसं वाटतं. इथल्या गणेशोत्सवात मी दरवर्षी जाते. ढोलताशा असतो, लेझीम असते, उकडीचे मोदक असतात, आणि ते मला आवडतंही. पण तिथं आमच्याकडची माणसं थोडी कडेला उभी राहतात. 'पाह्यलं', 'कुठी', 'बाप्पा' हे शब्द घरी ठेवून येतात. आज कुणी काही घरी ठेवलेलं नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, कच्चा कांदा हा रोजचा शेतकरी स्वयंपाकच आज नैवेद्याच्या ताटात आहे. महाराजांना हेच आवडायचं, या एका श्रद्धेनं वऱ्हाडाला परदेशात मधली जागा मिळवून दिली, असं मला मनापासून वाटतं.

अकराला पारायण सुरू होतं. दासगणू महाराजांनी 1939 साली रचलेला 'श्रीगजानन विजय', एकवीस अध्याय. एकट्यानं वाचायचा तर अख्खा दिवस जाईल. इथं एकवीस जणांनी एकेक अध्याय वाटून घेतलाय आणि सगळे एकदमच वाचायला लागतात. शब्द वेगळे काढता येत नाहीत. ओवीची चाल तेवढी एक राहते. माझ्या शेजारी चौदा वर्षांचा मुलगा मोठ्या टाइपातल्या देवनागरीवर बोट ठेवून वाचतोय. समोर टेकवलेल्या फोनवर त्याची नांदुऱ्याची आजी. तिथं रात्रीचे साडेनऊ झालेत, पण ती पदर घेऊन, हात जोडून बसली आहे.

"सावकाश वाच रे बाप्पा. घाई कायची हाय?"

तो मान हलवतो आणि चुकलेली ओवी पुन्हा घेतो.

वाचन संपल्यावर खामगावचे एक निवृत्त मास्तर लहान मुलांना जवळ बसवून गोष्ट सांगतात, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. 23 फेब्रुवारी 1878. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालेली, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदर कुलकर्णी रस्त्यानं जाताना पाहतात, तर एक तरुण त्या पत्रावळींवरची शितं वेचून खातोय.

"त्याला भूक लागली होती?" एक मुलगी विचारते.

"भूक असेल. पण त्यांनी शिळं-उष्टं पाहिलं नाही, अन्न पाहिलं," मास्तर म्हणतात. "आता आपण जेवू. ताटात काही उरलं, तर काय करायचं?"

"टाकायचं नाही!"

कापूर लावायला हॉलवाल्यांची परवानगी नाही. म्हणून आरती बाहेर, बर्फाच्या ढिगांपाशी. कोट चढवून, टोप्या घालून साठसत्तर माणसं टाळ वाजवतात. वाऱ्यानं कापूर दोनदा विझतो. तिसऱ्यांदा चौघे कोट पसरून आडोसा करतात. लाकडी पालखी गाड्यांच्या रांगांमधून एक फेरी घालते. शेगावची पालखी दर आषाढीला पंढरपूरला पायी जाते, त्या वारीतली पांढऱ्या वेशातली शिस्त इथं जड बुटांतल्या या रांगेनंही मनावर घेतली आहे. कुणी पुढे घुसत नाही.

पंगत बसते. वाढणारे बोलत नाहीत, फक्त ताटाकडे पाहतात. शेगावच्या मंदिरात सेवेकरी जसे वाढतात, तशीच यांनाही वाढायची सवय आहे. यातले कित्येक जण सुट्टीत गावी गेले की तिथं सेवेला उभे राहतात. कचऱ्याच्या पिंपाजवळ ती मघाची मुलगी उभी आहे. अर्धी भाकरी ठेवून उठलेल्या एका बाप्याला ती हसत परत पाठवते. तो बसून निमूटपणे खातो.

चारला हॉल सोडायचाय. पातेली घासली जाताहेत, सतरंज्या गुंडाळल्या जाताहेत. वहिनी आणि काकू अजून पिठावरच आहेत.

"पुढच्या साली अख्खी ज्वारीच आणू," वहिनी म्हणतात. "माझ्याकडं घरघंटी हाय. आदल्या राती दळते."

"किती दळशीन?"

"तुम्ही सांगान तितकं."

"मंग पंधरा किलो धर," काकू पदराला हात पुसतात. "अन् थापायले मीच येते. तुझ्या भरोशावर नाही."