न उलगडता वाचलेली गुंडाळी

मृत समुद्राच्या पश्चिम काठावर एन-गेदी इथल्या प्राचीन सिनेगॉगचे (ज्यू प्रार्थनास्थळाचे) १९७० साली उत्खनन चालू होते. धर्मग्रंथ ठेवण्याच्या जागी पुरातत्त्वज्ञांना कोळशासारखे तुकडे मिळाले. ही वस्ती इसवी सन ६००च्या सुमारास आगीत जळाली होती. तुकडे म्हणजे चामड्यावर लिहिलेल्या गुंडाळ्या. पण बोट लावावे तर भुगा. चार दशके त्या तशाच जपून ठेवल्या गेल्या, आणि तेच बरे झाले. घाईने कोणी उलगडायला गेले असते तर हाती राख उरली असती.

पुढे त्यातल्या एका गुंडाळीचे मायक्रो-सीटी स्कॅन झाले आणि ती त्रिमित प्रतिमा अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या ब्रेंट सील्स यांच्याकडे गेली. करपलेली सुरळीची वडी डोळ्यांसमोर आणा: पापुद्रे दबलेले, वाकलेले, एकमेकांना चिकटलेले. संगणकाने आधी एकेक पापुद्रा वेगळा ओळखला, मग त्यावर जिथे घनता जास्त तिथे उजळ ठिपके मांडले आणि शेवटी तो वाकडा पृष्ठभाग पडद्यावर सपाट केला. शाई चामड्यापेक्षा घन होती, बहुधा धातूच्या अंशामुळे. नुसत्या काजळीची असती तर जळक्या चामड्यात ती शोधणे फार अवघड गेले असते. २०१६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अक्षरे हिब्रू, मजकूर बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांतला.

कार्बन चाचणीनुसार ही प्रत तिसऱ्या-चौथ्या शतकातली. अक्षरांच्या वळणावरून काही तज्ज्ञ ती आणखी जुनी मानतात. आजच्या बहुतेक भाषांतरांतला जुना करार मात्र ज्यावर उभा आहे, तो लेनिनग्राड कोडेक्स हा हिब्रू हस्तलिखित ग्रंथ १००८च्या सुमारास कैरोत लिहिलेला. मधे शतकानुशतके नकलांवर नकला. तरीही वाचता आलेल्या भागात व्यंजने तंतोतंत तीच! (स्वरचिन्हे नंतरची.) भाषांतरकारांना एक अक्षरही बदलावे लागले नाही. बातमी म्हणून हे फिके वाटेल. माझ्या मते खरा शोध हाच.

नेहमी असे होत नाही. मृत समुद्राजवळच्याच कुमरानच्या गुहांत मिळालेल्या, बायबलमधल्या शमुवेल या पुस्तकाच्या हस्तलिखितात, इस्राएलींचे उजवे डोळे काढणाऱ्या अम्मोनी राजा नाहाशाबद्दल एक परिच्छेद जास्त आहे. १९८९च्या एका प्रमुख इंग्रजी भाषांतराने तो थेट मजकुरात घेतला.

केडगावात पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होत्या, तेव्हा यातले काहीच हाती आले नव्हते. रमाबाई १९२२मध्ये वारल्या; कुमरानचा पहिला शोध १९४७चा. त्या काळचा छापील हिब्रू मजकूर मध्ययुगीन नकलांवरूनच आलेला होता. निदान लेवीयाच्या त्या ओळींपुरता तरी तो पाया पक्का होता.