चाळ मागे का पडते?

लालबागला माझ्या मामाची चाळ आहे. तळमजला अधिक तीन, पुढे लांबलचक गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. आता ती पडणार आहे. रीडेव्हलपमेंटसाठी खोल्या रिकाम्या करायची तारीख आली तेव्हा मामा मला म्हणाला, "तू ते मास कॉम का काय करतेस ना? मग जायच्या आधी चाळीचा एक फोटो काढ. पूर्ण आली पाहिजे हां!"

मी म्हटलं, त्यात काय! मित्राचा डीएसएलआर घेतला, समोरच्या चाळीच्या भिंतीला पाठ टेकवली आणि फ्रेम लावली. वरचा मजला कापला जात होता, म्हणून कॅमेरा थोडा वर तिरका केला. क्लिक. मामानं स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "अगं, ही तर मागे पडतेय. अजून पाडली नाही तिला."

कॅमेरा वर तिरका केला की इमारतीच्या उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. आपण सगळेच हे करतो आणि इन्स्टावर ते खपूनही जातं. पण हा फोटो मामाच्या घरात कायमचा लागणार होता. कॉलेजमध्ये वर्कशॉप घ्यायला आलेले एक फोटोग्राफर सर आठवले. जुन्या इमारतींचं डॉक्युमेंटेशन हेच त्यांचं काम. मी फोन केला. सर म्हणाले, "रविवारी सकाळी येतो. ऊन यायच्या आत."

वर्तुळाचं गणित

सरांनी बॅगेतून काढलेला कॅमेरा बघून चाळीतली पोरं हसायलाच लागली. हा टेक्निकल कॅमेरा. धातूची एक चपटी चौकट, पुढे लेन्स, मागे डिजिटल बॅक. ऑटोफोकस नाही. स्वित्झर्लंडची आल्पा, नेदरलँड्सची काम्बो अशा मोजक्याच कंपन्या तो बनवतात. मागे लावलेली फेज वनची बॅक एका दिवसासाठी भाड्यानं आणलेली, १५ कोटी पिक्सेलची. तिचा सेन्सर ५३.४ बाय ४० मिलिमीटर. आपण ज्याला फुल फ्रेम म्हणतो तो ३६ बाय २४ असतो. म्हणजे हा जवळजवळ अडीचपट!

या कॅमेऱ्याची खरी गंमत म्हणजे त्याची लेन्स वर-खाली सरकते. कॅमेरा अगदी लेव्हलमध्ये ठेवायचा आणि लेन्स वर सरकवायची. इमारतीचं टोक फ्रेममध्ये येतं आणि रेषा सरळ राहतात. याला शिफ्ट म्हणतात.

सरांकडे त्या दिवशी तीन वाइड लेन्स होत्या. रोडेनस्टॉकच्या २३ आणि ३२ मिलिमीटर मित्राकडून आणलेल्या, आणि श्नायडरची ३५ त्यांची स्वतःची, सेकंडहँड. दोन्ही कंपन्या जुन्या, जर्मन. रोडेनस्टॉक १८७७ची, श्नायडर १९१३ची. श्नायडरची ही मालिका आता नवी मिळत नाही.

मी लगेच म्हटलं, "सर, जागा कमी आहे, २३ लावू या ना. सगळ्यात वाइड तीच."

सरांनी टेप काढला. दोन चाळींमधलं अंतर १२ मीटर. आमच्या चाळीचं टोक साधारण साडेतेरा मीटरवर, ट्रायपॉडवरची लेन्स दीड मीटरवर. म्हणजे लेन्सच्या वर १२ मीटर दिसायला हवेत. मग त्यांनी माझ्या वहीत एक वर्तुळ काढलं. लेन्स मागे जी प्रतिमा टाकते ती गोल असते, त्यात आपला चौकोनी सेन्सर बसतो. या सेन्सरचा कर्ण जवळपास ६७ मिलिमीटर. २३च्या लेन्सचं वर्तुळ ७० मिलिमीटरचं. म्हणजे सेन्सर त्यात जेमतेम बसला, सरकायला जागाच उरली नाही. ३२ आणि ३५ची वर्तुळं मात्र ९० मिलिमीटरची. आडव्या फ्रेममध्ये २३ची लेन्स अडीच मिलिमीटरच सरकते, या दोघी १६ मिलिमीटर.

आता गणित बघा. १२ मीटरवरून आडव्या फ्रेममध्ये लेन्सच्या वर २३ दाखवते सुमारे ११.८ मीटर, ३५ दाखवते १२.४ आणि ३२ दाखवते १३.६. सगळ्यात वाइड लेन्सनंच छप्पर कापलं!

फ्रेम उभी केली तर २३मध्येही छप्पर येतं, पण मग जवळजवळ निम्म्या फ्रेममध्ये नुसती जमीन. ती कापायची, म्हणजे भाड्यानं आणलेले निम्मे पिक्सेल कचऱ्यात. लेन्सची तुलना करताना मिलिमीटरच्या आकड्याइतकंच वर्तुळ महत्त्वाचं, हे मला तिथे कळलं.

३२ की ३५?

मग उरल्या दोघी. वर्तुळ सारखंच, पण स्वभाव वेगळा. ३५ची श्नायडर छोटीशी आणि हलकी. तिच्या रचनेत पुढची आणि मागची बाजू जवळपास सारखी, त्यामुळे सरळ रेषा खरोखर सरळ येतात. पण तिचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ असतं. मधला प्रकाश सरळ पडतो, कडेचा फारच तिरका. त्यामुळे कडा काळवंडतात आणि त्यांच्यावर जांभळट-हिरवट झाक येते. लेन्स सरकवली की हे आणखी वाढतं.

३२ची रोडेनस्टॉक मोठी आणि वजनदार. तिची रचना प्रकाशाला आधी वळवते आणि मग सेन्सरवर बऱ्यापैकी सरळ सोडते, त्यामुळे कडा स्वच्छ. बदल्यात रेषांना किंचित बाक येतो, तो सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो.

सरांनी दोन्ही लावून बघितल्या. ३५च्या फोटोत छपराचे कोपरे जांभळे. मग लेन्ससमोर दुधी रंगाची पट्टी धरून आणखी एक फोटो घेतला. त्यावरून सॉफ्टवेअरला कळतं की कुठे किती रंग चढलाय, आणि तो वजा होतो. रंग गेला, पण छपराखालच्या सावलीत दाणे दिसायला लागले. बाहेरच्या फोटोसाठी ३२ पक्की झाली.

मामी, खोली आणि हॉल

मग आम्ही मामाच्या खोलीत शिरलो. दहा बाय सोळा. इथे शिफ्टची गरज नाही, म्हणून २३ला चान्स मिळाला. चारही कोपरे आले! मी खूश. मामीनं बघितलं आणि हसत सुटली, "अगं, ही आपली खोली की लग्नाचा हॉल? एवढी जागा असती तर पोरं गॅलरीत कशाला झोपली असती?"

मी गप्प झाले. इतकी वाइड लेन्स जवळच्या गोष्टी फुगवते आणि समोरची भिंत लांब ढकलते. कोपऱ्यातलं पिंप लंबुळकं झालं होतं. फ्लॅटच्या जाहिरातीत असंच तर करतात! इथे सहा माणसं कशी राहिली हे ज्या फोटोतून कळायला हवं, त्यात खोलीच खोटी पडत होती. सरांनी न बोलता ३५ लावली आणि दारात उभं राहून फोटो घेतला. एक भिंत अर्धी सुटली, पण पलंग आणि ओटा यांच्यात किती जागा होती ते त्यात दिसतं. बाहेर हरलेली लेन्स आत जिंकली.

आपल्या खिशातलं काय?

या लेन्सची किंमत ऐकून मी दोन पावलं मागे सरकले. पण २३चं उभं गणित आपल्या फोनमध्येही चालतं. ०.५ एक्स लावा, ग्रिड चालू करा, फोन अजिबात तिरका करू नका. मग खालची जमीन क्रॉप करा. पिक्सेल जातील, पण इमारत सरळ राहील. शक्य असेल तर समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जा. तिथे शिफ्ट लागतच नाही. आणि घरातल्या फोटोसाठी ०.५ मोह वाटला तरी टाळा. तुमच्याही घरची कुणी मामी हसेल.

दोन्ही फोटो मोठे प्रिंट करून मामाला दिले. तो आता भाड्याच्या घरात राहतो. त्यानं चाळीच्या फोटोवर बोट ठेवून तिसऱ्या मजल्यावरची आपली खिडकी शोधली. मग एकेक दार मोजत कुठे कोण राहायचं ते सांगत बसला. शेवटी म्हणाला, "आता सरळ उभी आहे."